डॉ. कमल रणदिवे: कर्करोग आणि आनुवंशिकता यांच्या मागावर गेलेले आयुष्य, आणि आजची ‘म्युटेशनची गोळी’

कर्करोगाच्या रुग्णाच्या फाइलमध्ये हल्ली एक नवा कागद दिसू लागला आहे. बायोप्सीच्या रिपोर्टमागे जोडलेला हा जनुक तपासणीचा अहवाल. निगडी, भोसरी किंवा चाकणहून येणारे नातेवाईक तो माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरसमोर ठेवतात, कारण मोठ्या रुग्णालयात गर्दी असते आणि सगळे विचारायला वेळ मिळत नाही. प्रश्न बहुधा दोनच असतात. डॉक्टरांनी आता सलाइनऐवजी गोळी लिहून दिली आहे, ती केमोच आहे का? आणि रिपोर्टवर ‘जनुकात दोष’ असे लिहिले आहे, म्हणजे हे आता मुलीलाही होणार का?

पहिला प्रश्न अलीकडचा आहे. दुसरा खूप जुना, आणि तो प्रयोगशाळेत नेऊन त्यावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय शास्त्रज्ञांमध्ये पुण्यात जन्मलेल्या एका बाई होत्या: डॉ. कमल रणदिवे. त्यांचे आयुष्य समजून घेतले की हातातला रिपोर्टही बराचसा समजतो, म्हणून दोन्ही एकत्र सांगतो.

पुण्यातली समर्थांची मुलगी

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनेश दत्तात्रेय समर्थ हे जीवशास्त्राचे शिक्षक, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत. आई शांताबाई. मुलगे असोत की मुली, सगळ्यांनी शिकायचेच, हा वडिलांचा आग्रह होता. कमल हुजूरपागेत शिकल्या आणि तिथून फर्ग्युसनमध्ये गेल्या.

मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. दोन्ही झाले नाही. कमल यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राची वाट धरली आणि १९३९ मध्ये जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी लग्न करून त्या मुंबईला गेल्या. पुढचे शिक्षण मात्र थांबले नाही. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केले. लग्नानंतर चार वर्षांनी, तेही त्या काळात. पतीने या शिक्षणात त्यांना साथ दिली, याची नोंद त्यांच्या चरित्रात आवर्जून केली जाते.

एम.एस्सी.चा विषय ऐकून गंमत वाटेल: सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. पेशीच्या केंद्रात धाग्यांसारखी दिसणारी, सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येणारी ही गुणसूत्रे म्हणजे आपल्या जनुकांची वाहने. आईवडिलांकडून मुलांकडे जे काही जाते ते याच धाग्यांवरून. पुढे आयुष्यभर ज्या प्रश्नाचा त्यांनी पाठलाग केला, त्याची बाराखडी त्या अशी झाडांवर शिकल्या.

सीताफळाच्या कुळाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. याच कुळातले लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पटींनी गुणकारी आहे, असा मजकूर व्हॉट्सअॅपवर अनेक वर्षे फिरतो आहे. लक्ष्मणफळाने माणसाचा कर्करोग बरा होतो याचा कोणताही पुरावा नाही. शिवाय या फळाच्या आणि त्याच्या पानांच्या अतिसेवनाचा कंपवातासारख्या मज्जाविकाराशी संबंध असावा, असे कॅरिबियन बेटांवरील अभ्यासांत दिसले आहे. उपचार चालू असताना त्या पानांचा काढा घेऊ नका.

परळची प्रयोगशाळा आणि उंदीर

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते. तिथे विकृतिशास्त्राचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत येते. मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांत कोणता कर्करोग जास्त आढळतो, तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडात काय घडते, पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक का दिसतो, असे प्रश्न ते विचारत होते. कमलताई त्यांच्या हाताखाली काम करू लागल्या आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

त्यांचे काम उंदरांवर होते. उंदरांच्या काही जाती अशा असतात की त्यांतल्या बहुतेक माद्यांना वय वाढले की स्तनाचा कर्करोग होतो. काही जातींत तो जवळजवळ होतच नाही. खाणे तेच, पिंजरा तोच, तरी हा फरक. मग तो येतो कुठून? रक्तातून, म्हणजे वंशातून? पिल्ले किती झाली त्यावरून? की स्तनातल्या ग्रंथींची रचनाच मुळात वेगळी असते? कमलताईंनी गाठ दिसण्याच्या आधीच्या, निरोगी वाटणाऱ्या स्तनग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि आनुवंशिकता, प्रसूती, ग्रंथींची रचना या गोष्टींचा कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. गाठ होण्याआधी काय चालू असते ते पाहायचे, ही त्यांची दिशा मला फार महत्त्वाची वाटते. आजची जनुक तपासणीही तेच पाहते.

इथे गैरसमजाला जागा आहे. उंदरांमध्ये एक विषाणू आईच्या दुधातून पिल्लांत जातो आणि स्तनाचा कर्करोग घडवतो. जॉन बिटनर या अमेरिकी शास्त्रज्ञाने दुधातल्या या घटकाचा शोध १९३६ मध्ये लावला होता. माणसात तसे नाही. कर्करोग झालेल्या आईच्या दुधातून बाळाला कर्करोग जात नाही. उलट अंगावर पाजल्याने आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा कमी होतो. केमो किंवा गोळ्या चालू असताना दूध पाजू नये हे खरे, पण ते औषधामुळे, आजारामुळे नव्हे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. स्तनाचा कर्करोग आनुवंशिक असू शकतो हे कमलताईंनीच जगात प्रथम सांगितले, असे इंटरनेटवर अनेक ठिकाणी लिहिलेले असते. ते बरोबर नाही. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी स्वतःच्या पत्नीच्या घराण्यातल्या अशा रुग्णांची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद १८६६ मध्येच छापली होती. कमलताईंचे श्रेय वेगळे आहे आणि ते कमी नाही: नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात, साधने तुटपुंजी असताना, हा प्रश्न त्यांनी मोजमाप करता येईल अशा रूपात आणला आणि त्यासाठी माणसे घडवली.

काचेच्या बाटलीतल्या पेशी

पीएच.डी.नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत जिवंत ठेवून वाढवायच्या, या तंत्रात गाय यांचा हात धरणारे कोणी नव्हते. जगभर प्रसिद्ध झालेली ‘हेला’ पेशींची मालिका १९५१ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाली.

या तंत्राला टिश्यू कल्चर म्हणतात. आपल्याकडे टिश्यू कल्चर म्हटले की जळगावची केळी डोळ्यांसमोर येतात; तत्त्व तेच, फक्त इथे पेशी माणसाच्या किंवा प्राण्याच्या असतात आणि त्यांचे लाड फार करावे लागतात. तापमान, क्षार, पोषक द्रव्य यांत जरा चूक झाली की पेशी मरतात, आणि जंतूंचा शिरकाव झाला की आठवड्यांची मेहनत वाया. पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके मिळू लागल्यावर हे काम पुष्कळ सोपे झाले. (पिंपरीकरांना आठवत असेल, आपल्या गावाची औद्योगिक ओळख सुरू झाली ती १९५० च्या दशकात, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या पेनिसिलिन कारखान्यापासून. मोटारी नंतर आल्या.)

तिकडे राहण्याऐवजी त्या परत आल्या. पुढेही परदेशात गेलेल्या विद्यार्थ्यांना त्या परत या म्हणून सांगत राहिल्या. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. पेशीशास्त्र, प्रतिकारशक्ती, कर्करोग कसा सुरू होतो याचा अभ्यास, अशा शाखा त्यांच्या काळात वाढल्या. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या. १९६६ मध्येच हे केंद्र आणि टाटा मेमोरियल रुग्णालय एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले.

एखादे नवे औषध तुमच्या हातात पडण्याआधी त्याची पहिली परीक्षा अशा बाटलीतल्या पेशींवरच होते. ज्या गोळीबद्दल पुढे लिहिणार आहे, तिची मूळ कल्पनाही २००५ मध्ये अशाच पेशींवर सिद्ध झाली.

कुष्ठरोगावरही त्यांनी काम केले. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही ही मोठी अडचण होती. १९५८ मध्ये त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतींमधून एक जंतू वाढवला. तो कुष्ठरोगाचाच की त्याच्या भाऊबंदांपैकी, यावर पुढे वाद झाले, पण त्यातून कुष्ठरोगावरील लशीचे प्रयत्न झाले. १९६४ मध्ये त्यांना भारतीय आयुर्विज्ञान परिषदेचे रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक आणि कुष्ठरोगाच्या कामासाठी वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले. १९८२ मध्ये पद्मभूषण. दोनशेहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत.

त्यांतला एक माझ्या रोजच्या रुग्णांच्या फार जवळचा आहे. सुपारी आणि तंबाखू यांचा प्राण्यांवर काय परिणाम होतो, याचे त्यांच्या गटाचे प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. शिफ्टमध्ये झोप येऊ नये म्हणून गालात मावा धरणारी मुले चाकणच्या प्रत्येक गेटबाहेर दिसतात. तंबाखूशिवायची नुसती सुपारीही निर्दोष नाही. तिने तोंड उघडेनासे होते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. त्यासाठी कोणताही जनुकीय दोष वारशाने यावा लागत नाही.

जनुकातला दोष आणि वारसा, हे दोन वेगळे शब्द

आता रिपोर्टकडे येऊ. प्रत्येक कर्करोग हा जनुकांतल्या बिघाडामुळेच होतो. पण तो बिघाड प्रत्येक वेळी वारशाने आलेला नसतो. बहुतेक वेळा तो आयुष्यात कधीतरी, एखाद्या अवयवातल्या एका पेशीत होतो आणि त्या गाठीपुरताच राहतो. फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर म्युटेशन सापडले तर त्यावर गेफिटिनिब किंवा ओसिमर्टिनिबसारख्या गोळ्या मिळतात, पण ते म्युटेशन सहसा मुलांकडे जात नाही. रक्ताच्या एका कर्करोगात, सीएमएलमध्ये, दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांशी अदलाबदल करतात. तेही वारशाने जात नाही.

बीआरसीए१ आणि बीआरसीए२ यांचे तसे नाही. या जनुकांतला दोष जन्मतः, शरीरातल्या प्रत्येक पेशीत असू शकतो आणि तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी बीआरसीए१ची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवली. १९९४ मध्ये ते जनुक आणि १९९५ मध्ये बीआरसीए२ हाती लागले. उंदरांच्या जातींमधला फरक पाहून कमलताई ज्या प्रश्नाशी झुंजत होत्या, त्याच प्रश्नाचे एक उत्तर माणसात असे सापडले, आणि ते त्यांच्या हयातीत सापडले.

स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी साधारण पाच ते दहाच अशा वारशाचे असतात. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या मुलीने घाबरण्याचे कारण नाही. पण ज्यांना हा दोष आहे त्यांचा धोका खरोखर मोठा असतो: बीआरसीए१चा दोष असलेल्या दहांपैकी सहा ते सात स्त्रियांना आयुष्यात स्तनाचा कर्करोग होऊ शकतो, आणि बीजांडाच्या कर्करोगाचाही धोका बराच वाढतो. दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी. हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो, कारण घरात बायकांचा आजार म्हणून बायकांचीच तपासणी होते आणि वडिलांकडच्या आत्या, चुलत बहिणी कोणी विचारातच घेत नाही. पुरुषाला दोष असला तर तो त्याच्या मुलींकडे जातो, आणि त्याला स्वतःला प्रोस्टेट, स्वादुपिंड किंवा क्वचित स्तनाचाही कर्करोग होऊ शकतो.

तपासणी कोणी करावी? कमी वयात, साधारण पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया, ट्रिपल निगेटिव्ह प्रकाराचे रुग्ण, बीजांडाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया, स्तनाचा कर्करोग झालेले पुरुष, आणि जवळच्या नात्यात असे अनेक रुग्ण असलेले. तपासणी रक्तावर किंवा लाळेवर होते. शक्यतो आधी रुग्णाची करावी. तिच्यात दोष सापडला तरच बाकीच्यांची, तेवढ्याच दोषासाठी, आणि ती तुलनेने स्वस्त पडते.

एप्रिल २००१, मे २००१

शास्त्रज्ञ म्हणून काम चालू असतानाच कमलताईंनी दुसरी एक गोष्ट उभी केली. १९७३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना, इव्सा, स्थापन केली. विज्ञान शिकलेल्या बाईचे काम मूल झाल्यावर सुटते हे त्यांनी पाहिले होते. या संघटनेने वाशीला वसतिगृह आणि पाळणाघर चालवले. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) अकोले तालुक्यात, राजूरच्या आसपास, आदिवासी मुलांच्या पोषणाचा त्यांनी अभ्यास केला. १९८९ नंतर तर गावातल्या स्त्रियांना आरोग्य आणि आहाराचे शिक्षण देणे हेच त्यांचे मुख्य काम झाले. पद्मभूषण मिळालेली कर्करोगशास्त्रज्ञ मुलांच्या दंडाचा घेर आणि वजन मोजते, हे मला त्यांच्या सगळ्या पारितोषिकांपेक्षा मोठे वाटते.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले, वयाच्या ८३ व्या वर्षी. बरोबर पुढच्या महिन्यात, मे २००१ मध्ये, अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. सीएमएलमध्ये गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून तयार होणाऱ्या नेमक्या त्या प्रथिनावर काम करणारी ही गोळी. पूर्वी जो आजार काही वर्षांत माणूस नेत असे, तो असणारे लोक आज रोज गोळी घेऊन कामावर जातात. टार्गेटेड थेरपीच्या गोळ्यांचे युग इथून सुरू झाले असे समजले जाते, आणि ते त्यांना पाहता आले नाही.

बीआरसीएवरची गोळी त्यानंतर आली. ओलापॅरिब. अमेरिकेत २०१४ मध्ये बीजांडाच्या कर्करोगासाठी आणि २०१८ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी तिला मान्यता मिळाली. ती कशी काम करते ते चाकणच्या माणसाला कारखान्याच्या भाषेत पटकन कळते. लाइनवर दोन मेंटेनन्स टीम आहेत असे समजा. एक रोजच्या किरकोळ बिघाडांची, दुसरी मोठ्या ब्रेकडाउनची. पेशीतही डीएनएची दुरुस्ती अशीच चालते. किरकोळ दुरुस्ती पार्प नावाचे प्रथिन करते, मोठी दुरुस्ती बीआरसीए. बीआरसीएच्या कर्करोगाच्या पेशीत मोठी टीम मुळातच गैरहजर असते. गोळीने किरकोळ कामाची टीमही अडवली की छोटे बिघाड साचून मोठे होतात, ते दुरुस्त करणारे कोणी नसते आणि पेशी मरते. शरीरातल्या निरोगी पेशींत बीआरसीएची एक चांगली प्रत शिल्लक असते, त्यामुळे त्या बऱ्याच अंशी तग धरतात.

तर ही केमो नाही. पण साधी गोळीही नाही. हिमोग्लोबिन उतरणे, पांढऱ्या पेशी कमी होणे, मळमळ आणि थकवा हे नेहमीचे त्रास. म्हणून पहिल्या वर्षी दर महिन्याला रक्ततपासणी लागते. क्वचित काही रुग्णांत रक्ताचाच गंभीर आजार उद्भवू शकतो. नवा खोकला किंवा दम लागणे सुरू झाले तर थांबू नका, कर्करोगतज्ज्ञांना कळवा. गर्भावस्थेत ही गोळी चालत नाही. बुरशीवरची फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, टीबीवरची रिफाम्पिसिन, फिट्सवरची फेनिटॉइन अशी औषधे तिच्या मात्रेत गडबड करतात, म्हणून आमच्यासारख्या जवळच्या डॉक्टरकडे सर्दीतापासाठी आलात तरी या गोळीचे नाव आधी सांगा. ग्रेपफ्रूट टाळायचे, त्याचे भावंड पपनसही टाळा असे मी सांगतो.

गोळी दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने घ्यायची असते, सहसा १५० मिलिग्रॅमच्या दोन. मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी होते. शिफ्ट दर आठवड्याला बदलणाऱ्यांची इथे पंचाईत होते. त्यांना मी सांगतो की गोळी शिफ्टला बांधू नका, घड्याळाला बांधा: सकाळी नऊ आणि रात्री नऊ, मग त्या वेळी कारखान्यात असा वा घरी. जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही. एखादी वेळ चुकली तर चुकली, पुढच्या वेळी नेहमीचीच मात्रा घ्या, दुप्पट नाही. गोळी चघळू किंवा फोडू नका.

किती उपयोग होतो, हे आकड्यांत सांगणे मला आवश्यक वाटते, कारण या गोळीसाठी जमीन विकायला निघालेली घरे मी पाहतो. स्तनाचा बीआरसीए कर्करोग (हर-टू निगेटिव्ह) शरीरात पसरलेला असेल, तर २०१७ मधल्या मोठ्या अभ्यासात केमोवर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ सुमारे ४ महिने होता आणि ओलापॅरिबवर ७. बरे होणे नव्हे, पण सलाइनशिवायचे अधिक महिने. आजार पसरलेला नसताना, पण परत येण्याचा धोका जास्त असताना, शस्त्रक्रिया आणि केमोनंतर एक वर्ष ही गोळी दिली तर फायदा वेगळ्या प्रकारचा आहे: २०२१ च्या अभ्यासात तीन वर्षांनंतर गोळी घेतलेल्यांपैकी शंभरांत ८६ जणी आजार न परतता होत्या, न घेतलेल्यांत ७७. कोणत्या टप्प्यावर गोळी लिहिली आहे ते कर्करोगतज्ज्ञांना थेट विचारा. पैशाचा निर्णय त्यावर ठरतो. भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्याही मिळतात, त्यांची चौकशी जरूर करा. ईएसआयचे कार्ड असेल तर खासगी दुकानात पैसे भरण्याआधी मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात, आणि नसेल तर महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राकडे काय मिळते ते विचारा.

मग राहतो मुलीचा प्रश्न. दोष सापडला की अनेक घरांत रिपोर्ट कपाटात जातो. लग्न ठरायचे आहे, सासरी कळले तर, अशी भीती. ती खोटी नाही, आणि कोणाला काय सांगायचे हा तुमचाच हक्क आहे. पण अठरा वर्षांवरील मुलीला, बहिणीला, भावाला ही माहिती न देणे म्हणजे त्यांची तपासणीची वेळ हिरावून घेणे. दोष असलेल्या स्त्रीची स्तनांची एमआरआय तपासणी साधारण पंचविशीपासून सुरू करता येते, आणि मुले झाल्यावर बीजांडे काढून टाकण्याचा विचार ठरावीक वयात करता येतो. लहान मुलांची ही तपासणी करू नये; सज्ञान झाल्यावर त्यांचे ते ठरवतील. तपासणीआधी जनुकीय समुपदेशकाशी बोलता येते. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र विभाग आहे. कमलताईंच्या काळातली परळची संशोधन संस्था २००२ मध्ये खारघरला गेली आणि आता ती अॅक्ट्रेक म्हणून ओळखली जाते. तिथे जाताना मूळ जनुक अहवालाची प्रत आणि आई-वडील दोघांच्याही बाजूच्या नातेवाइकांची यादी न्या: कोणाला कोणता कर्करोग, कितव्या वर्षी. गावाकडच्या आत्याला फोन करून ती यादी आधीच पूर्ण करून ठेवा.